सक्तीची रक्ततपासणी आणि शास्त्राची साक्ष

विवाहापूर्वी वधूवरांची एच.आय.व्ही.साठी रक्ततपासणी कायद्याने सक्तीची करावी, ही मागणी काही नवी नव्हे. २००६ साली गोवा शासनाने असा कायदा करण्याचा मनोदय जाहीर केला होता. तो प्रत्यक्षात आला नाही. २०२५ साली मेघालयाच्या आरोग्यमंत्र्यांनी तोच विचार बोलून दाखविला, आणि वृत्तपत्रांतील ती बातमी आमच्या हुबळी-धारवाडकडील मराठी व कोंकणी कुटुंबांतून अशा उत्साहाने वाचली गेली, की जणू त्यांच्या मनातलेच कोणी तरी बोलले. लॅमिंग्टन रोडवरील आमच्या कचेरीत निवृत्त शिक्षक, व्यापारी, वधूवरसूचक मंडळांचे चालक असे अनेक सद्गृहस्थ त्यानंतर येऊन गेले. सर्वांचे मागणे एकच : 'वकीलसाहेब, एक मसुदा करून द्या, आमदारांकडे पोहोचविण्याचे आम्ही पाहतो.' तो मसुदा आम्ही करून दिला नाही, देणारही नाही. त्याची कारणे उभ्या उभ्या सांगण्यासारखी नव्हती. ती येथे मांडीत आहोत.

या मंडळींच्या हेतूविषयी आम्हांस शंका नाही. मुलगी परक्या घरी द्यावयाची, जावई परगावी नोकरीस, त्याच्या चालीरीतीविषयी विचारावे तर सोयरीक मोडावयाची, अशा कात्रीत सापडलेल्या बापाची भीती खरी असते. परंतु ऐकीव गोष्ट न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही हे ज्यांना पुरते ठाऊक आहे, तेच गृहस्थ सार्वजनिक आरोग्याच्या प्रश्नात मात्र ऐकीव गोष्टींवर कायदा उभारावयास निघतात, याचे आम्हांस नवल वाटते. वस्तुतः या विषयात पुराव्याची वानवा मुळीच नाही. १९८६ साली मद्रासमध्ये डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. निर्मला यांनी या देशातील पहिले बाधित रक्तनमुने शोधून काढले, तेव्हापासून चाळीस वर्षे हा पुरावा साचत आला आहे. आणि त्यातील कितीतरी भाग पुणे, सांगली, बेळगाव, बागलकोट, गोवे अशा आपल्याच मुलखात गोळा झाला आहे. तो वाचण्याची तसदी आपण घेतली नाही.

सक्तीच्या तपासणीचा प्रयोग होऊन गेलेला आहे, हे प्रथम सांगितले पाहिजे. अमेरिकेतील इलिनॉय राज्याने जानेवारी १९८८ पासून विवाहाचा परवाना मागणाऱ्या प्रत्येकास ही तपासणी सक्तीची केली. पहिल्या सहा महिन्यांत ७०,८४६ अर्जदार तपासले गेले. त्यांत बाधित किती निघाले? आठ. एक बाधित शोधण्यास सुमारे ३ लाख १२ हजार डॉलर खर्च पडला, आणि तो वधूवरांच्याच खिशातून गेला. दरम्यान अनेक जोडप्यांनी शेजारच्या राज्यात जाऊन लग्ने उरकली व इलिनॉयच्या दप्तरी विवाहांची संख्या घटली. १९८९ साली त्या राज्याने आपला कायदा आपणच रद्द केला. हुबळीहून गोव्याची हद्द किती दूर आणि कोल्हापूरचा रस्ता किती सरळ, हे वाचकांना आम्ही सांगावयास नको. कर्नाटकात सक्ती आली तर मुहूर्त तोच राहील, कार्यालय मात्र पलीकडच्या राज्यात घेतले जाईल.

आता तपासणीच्या स्वरूपाकडे पाहू. संसर्ग झाल्यानंतर काही आठवडे असे जातात, की विषाणू शरीरात असूनही नेहमीची चाचणी त्याला ओळखीत नाही. म्हणजे ज्याला नुकतीच बाधा झाली आहे, आणि म्हणून ज्याच्यापासून धोका अधिक, तोच निर्दोष ठरून मांडवात उभा राहू शकतो. उलट बाजूचा हिशेबही करून पाहावा. देशातील प्रौढांत बाधितांचे प्रमाण आज शेकडा ०.२ च्या आसपास आहे. एक लाख वधूवर तपासले तर त्यांत बाधित सुमारे २०० असतील. समजा, पहिली चाचणी निरोगी माणसाच्या बाबतीत दोनशेत एकदाच चुकते. तरी उरलेल्या ९९,८०० निरोगी माणसांपैकी ४९९ जणांच्या कागदावर खोटे लांछन उमटेल. खऱ्या दोनशांच्या मागे खोटे पाचशे! हा घोळ निस्तरण्यासाठीच आपल्याकडे निदान निश्चित करण्यापूर्वी तीन वेगवेगळ्या चाचण्या करण्याची पद्धत घातलेली आहे, आणि त्या आधी व नंतर समुपदेशन ठेवलेले आहे. पण वधूवरसूचक मंडळाचा चालक दुसऱ्या चाचणीची वाट पाहील काय? पहिल्या चिठ्ठीची वार्ता संध्याकाळपर्यंत नात्यागोत्यात पसरलेली असेल, आणि तिसऱ्या चाचणीने निर्दोष ठरलेल्या मुलीला विचारावयास पुन्हा कोणी येणार नाही.

या सर्वांहून मोठा पुरावा पुण्याचा आहे. १९९२ साली भोसरी येथे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. तिच्या संशोधकांनी १९९३ ते १९९६ या काळात पुण्याच्या गुप्तरोग दवाखान्यांत येणाऱ्या स्त्रियांची पाहणी केली, डॉ. रमण गंगाखेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांचा तो लेख १९९७ साली प्रसिद्ध झाला. त्या दवाखान्यांत येणाऱ्या, देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांपैकी जवळजवळ निम्म्या बाधित होत्या. याचे कोणास आश्चर्य वाटले नसेल. परंतु ज्या हा व्यवसाय करीत नव्हत्या, ज्या बहुतांशी घरंदाज गृहिणी होत्या आणि ज्यांचा जन्मात एका नवऱ्यापलीकडे कोणाशी संबंध आला नव्हता, त्यांच्यातही हे प्रमाण शेकडा १३.६ निघाले. या बायकांना धोका कोठून आला? लग्नाच्या मांडवातून नव्हे; लग्नानंतर, वर्षानुवर्षे, नवऱ्याच्या बाहेरच्या संबंधांतून. मुहूर्ताच्या आदल्या आठवड्यात काढलेले रक्त पुढील पंचवीस वर्षांच्या वर्तनाची हमी देत नाही. कायद्याने दिलेला दाखला देव्हाऱ्यात ठेवून जी पत्नी निर्धास्त होईल, ती पुण्याच्या त्या स्त्रियांहून अधिक सुरक्षित कशी? आमच्या मते ती कमीच सुरक्षित होईल. नवऱ्याला काही विचारण्याचा, काही मागण्याचा तिचा अधिकार त्या दाखल्याने संपुष्टात येईल. 'सरकारने तपासले आहे ना?' हे उत्तर घरोघरी ऐकू येईल.

सक्तीवाल्यांना आपली सूचना नवी वाटते. तिच्या मुळाशी असलेली वृत्ती आपल्या शेजारी, गोव्यात, कायद्याचे रूप घेऊन वावरून गेली आहे, हे त्यांना आठवत नाही. म्हणून ते प्रकरण विस्ताराने सांगतो. डॉमिनिक डिसोझा नावाचा एक सुशिक्षित तरुण. रक्तदान करणारा. त्या दानातून त्याच्या रक्तातील बाधा उघड झाली, आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये त्याला पोलिसांकरवी नेऊन, पूर्वी क्षयरोग्यांसाठी वापरीत असलेल्या एका इमारतीत एकटे डांबून ठेवण्यात आले. चौसष्ट दिवस. गुन्हा कोणताच नव्हता. गोवा, दमण व दीव सार्वजनिक आरोग्य अधिनियमाचे कलम ५३ होते. त्याची आई ल्यूसी डिसोझा हिने मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठाकडे धाव घेतली. अंतरिम आदेशाने मुलगा घरी आला. परंतु अखेरच्या निकालात न्यायालयाने ते कलम वैध ठरविले. व्यक्तीचा हक्क आणि सार्वजनिक हित यांचा विरोध आला तर पहिल्याने दुसऱ्यासाठी वाट सोडावी, असे ते तर्कशास्त्र होते. १९९० च्या ऑल इंडिया रिपोर्टरमध्ये हा निकाल छापलेला आहे. कोणाही वकिलाला काढून वाचता येईल.

न्यायालयाविषयी पूर्ण आदर बाळगूनही आम्ही म्हणतो की, या तर्काचा पायाच ढासळलेला होता. एकाला डांबल्याने इतरांचे हित होते, हे गृहीत कोणी सिद्ध केले होते? न्यूयॉर्कमध्ये एड्सच्या रुग्णांबरोबर एका घरात राहणाऱ्या, त्यांची भांडी, स्नानगृहे वापरणाऱ्या १०१ माणसांची पाहणी १९८६ सालीच प्रसिद्ध झालेली होती. त्यांत बाधा निघाली ती फक्त एका बालकास, आणि तीही जन्मतः आईकडून आलेली असावी असा निष्कर्ष होता. मे १९८८ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने बाधितांविरुद्ध भेदभाव करू नये असा ठराव संमत केला होता. म्हणजे डॉमिनिकच्या दारी पोलीस आले तेव्हा शास्त्राची साक्ष नोंदलेली होती; ती कायद्याने विचारात घेतली नाही. आणि त्या अटकेचा परिणाम काय झाला असेल, याचाही विचार करावा. रक्त देणारा माणूस तुरुंगात जातो हे एकदा लोकांना दिसले, की रक्त तपासून घेण्यास कोण पुढे येणार? पुढे गोव्यात बाधितांसाठी 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी राहिली ती त्याच डॉमिनिकच्या प्रयत्नांतून. १९९२ साली तो गेला.

ज्याने रोग खरोखर हटला, त्या कामाची रीत याच्या नेमकी उलट होती. १९९२ पासून कलकत्त्याच्या सोनागाचीत डॉ. स्मरजित जाना यांनी आणि सांगलीत मीना सेषू यांच्या 'संग्राम' या संस्थेने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांनाच या कामाच्या चालक केले. निरोध कोणी वाटायचा, कोणाला समजवायचे, दांडगाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला आणि पोलिसाला कसे आवरायचे, हे त्या बायकांनी ठरविले. सांगलीच्या बायकांची 'वेश्या एड्स मुकाबला परिषद' सीमेपलीकडे निपाणीपर्यंत काम करू लागली. (परिषदेच्या या नावाने आपल्याकडील कित्येक सभ्य वाचक दचकले होते, आम्हांला ते नाव तेव्हाही आवडले होते, आजही आवडते.) २००३ पासून 'आवाहन' या योजनेने कर्नाटक व महाराष्ट्र धरून सहा राज्यांत हीच रीत मोठ्या प्रमाणावर राबविली. त्याच वर्षी बागलकोट जिल्ह्यात घरोघर जाऊन केलेल्या पाहणीत प्रौढांतील बाधितांचे प्रमाण शेकडा तीनच्या आसपास आढळले होते, आणि खेड्यांत ते शहराहून अधिक होते. रोग महानगरांचा आहे ही समजूत त्या एका पाहणीने मोडीत काढली. दक्षिणेकडील राज्यांत पंधरा ते चोवीस वर्षांच्या गर्भवतींमध्ये हे प्रमाण २००० साली शेकडा १.७ होते, ते २००४ साली १.१ वर आले. 'आवाहन'मुळे २००३ ते २००८ या काळात सुमारे एक लाख नवे संसर्ग टळले असावेत, असा अंदाज 'लॅन्सेट'ने २०११ साली छापला. अंदाजच तो, गणिती प्रतिमानाने काढलेला. पण त्याच्या विरुद्ध बाजूला ठेवावयास सक्तीवाल्यांजवळ एकही आकडा नाही.

राष्ट्रीय धोरणाने ही साक्ष मानली, हे त्याचे श्रेय. २००७ साली सुरू झालेल्या तिसऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा सारा भर अशाच कामावर होता. त्याच वर्षी शासनाने आणखी एक गोष्ट केली, जी शासने सहसा करीत नाहीत. देशात बाधित ५२ लाख आहेत, असा आकडा तोवर सांगितला जात असे. तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत एक लाखाहून अधिक लोकांचे रक्त तपासले गेले, आणि तिच्या आधारे तो आकडा जवळजवळ निम्म्यावर, २५ लाखांवर आणला गेला. मोठ्या आकड्यावर मोठा निधी मिळतो, हे ठाऊक असताना तो खाली आणणे सोपे नसते.

तथापि, साक्ष मानावयाची ती लाज वाटणार नाही तेथपर्यंतच, ही आपली जुनी खोड त्याच वर्षीही सुटली नाही. २००७ सालीच महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांनी शाळांतील किशोरवयीनांच्या शिक्षणाचा कार्यक्रम संस्कृतीच्या नावाखाली रोखला. त्याआधी, जून २००४ मध्ये, वास्कोच्या बायणा किनाऱ्यावरील वस्ती गोवा शासनाने जमीनदोस्त केली. पाठीशी उच्च न्यायालयाचा आदेश होता. तेथील कित्येक स्त्रिया आमच्याच उत्तर कर्नाटकातून गेलेल्या. ऐन पावसाळ्यात त्यांची घरे गेली. आणि घरांबरोबर वर्षानुवर्षे जोडलेला दवाखान्याचा संबंध, निरोध पोहोचविण्याची व्यवस्था, ओळखीची माणसे, सारे विखुरले. व्यवसाय थांबला नाही. तो लॉजांत, रस्त्यांवर आणि दुसऱ्या गावांत, आरोग्यसेविकांच्या दृष्टीआड गेला. दिल्लीत तर याहून विचित्र देखावा दिसला. कलम ३७७ विरुद्धच्या नाझ फाउंडेशनच्या याचिकेत आरोग्य मंत्रालयाच्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने शपथपत्रावर सांगितले की, या कलमाच्या भीतीने माणसे लपतात आणि प्रतिबंधाचे काम अडते. त्याच सरकारचे गृह मंत्रालय त्याच न्यायालयात ते कलम राहिलेच पाहिजे म्हणून उभे होते. २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने पहिली साक्ष मानली, २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला, आणि २०१८ साली पुन्हा मार्ग मोकळा केला. मधली पाच वर्षे कोणाच्या खाती मांडावयाची?

सक्तीवाल्यांच्या मसुद्यास शास्त्राने अखेरचा धक्का दिला तोही पुण्याच्या साक्षीने. पती-पत्नींपैकी एक बाधित व दुसरा अबाधित अशी १,७६३ जोडपी नऊ देशांत एका चाचणीत सामील झाली. त्यांत पुण्याची आणि चेन्नईचीही होती. बाधित जोडीदारास औषधे लवकर सुरू केली, तर दुसऱ्यास होणारा संसर्ग शेकडा ९६ इतका घटतो, असे मे २०११ मध्ये जाहीर झाले. नंतरच्या अभ्यासांनी तर असे दाखविले की, औषधांनी विषाणू इतका दबला की चाचणीत सापडेनासा झाला, तर त्या व्यक्तीपासून शरीरसंबंधातून जोडीदारास बाधा होत नाही. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने, आणि एप्रिल २०१७ मध्ये भारताने, निदान झालेल्या प्रत्येकास ताबडतोब औषधे देण्याचे धोरण स्वीकारले. पुण्याच्या जोडप्यांनी आपले रक्त देऊन मिळविलेले उत्तर त्यांच्याच देशाच्या सर्व बाधितांपर्यंत पोहोचावयास सहा वर्षे लागली. त्यांतील चार जगाची म्हणून वजा केली, तरी दोन आपली उरतात. असो. मुद्दा असा की, औषधे नियमित घेणारा बाधित मनुष्य हा विवाहास अपात्र, ही कल्पना वैद्यकाने मोडीत काढली आहे. ती आता फक्त आपल्या मसुद्यांतून जिवंत आहे.

कायद्याचे म्हणाल तर तोही पुढे सरकला आहे. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने, अन्यथा काम करण्यास समर्थ असलेल्या माणसास केवळ बाधित म्हणून नोकरी नाकारता येत नाही असे ठरविले, आणि त्या माणसास आपले नाव झाकून दाद मागू दिली. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने बाधितांचा विवाहाचा हक्क स्थगित असल्याचे म्हटले होते खरे. सक्तीवाले वकील तोच निकाल आमच्यापुढे नाचवितात. परंतु विवाहाच्या हक्काविषयीची ती मते त्या प्रकरणात अनावश्यक होती असे त्याच न्यायालयाने २००२ साली स्पष्ट केले, तेवढे पान ते उलटीत नाहीत. आणि आता २०१७ चा एच.आय.व्ही. व एड्स प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आहे. त्याचे कलम ५ सांगते की, माहितीपूर्वक संमतीवाचून कोणाचीही ही तपासणी करता येणार नाही. नवरीमुलीच्या बापाची जी भीती, तिचीही त्यात सोय आहे : कलम १० ने बाधितावर दुसऱ्यास संसर्ग न होऊ देण्याचे कर्तव्य टाकले आहे, आणि कलम ९ ने ठराविक परिस्थितीत डॉक्टरास किंवा समुपदेशकास जोडीदाराला माहिती देण्याची मुभा ठेवली आहे, पण त्यामुळे कोणा स्त्रीला मारहाण होण्याची धास्ती असेल तर ती मुभा नाही. हा बारकावा सद्गृहस्थांच्या कोणत्याही मसुद्यात आम्हांस दिसला नाही. कलम २२ तर सांगली आणि सोनागाचीच्या कामाला दिलेले कायद्याचे कवचच आहे. संसर्गाचा धोका कमी करण्यासाठी योजलेल्या उपायांना गुन्हा ठरविता येणार नाही, असे ते म्हणते.

सक्तीचा मसुदा या अधिनियमापुढे टिकेल असे आम्हांस वाटत नाही. तरीही ज्यांना तो विधानसभेत न्यावयाचाच असेल, त्यांना आमचे एवढेच सांगणे की, त्यांनी सोबत इलिनॉयचे आकडे, पुण्याची १९९७ सालची पाहणी आणि गोव्याचे कलम ५३ ही तिन्ही जोडावीत, आणि आमदारांनी ती वाचल्यावाचून मत देऊ नये.

आणि ज्या वधूवरांना स्वतःहून, एकमेकांच्या संमतीने तपासून घ्यावयाचे आहे, त्यांना कोणत्याच नव्या कायद्याची गरज नाही. हुबळीच्या विद्यानगरातील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, तसेच जिल्हा रुग्णालयांतून, ही तपासणी विनामूल्य होते, तपासणीपूर्वी व नंतर समुपदेशक बोलतो, आणि निकाल ज्याचा त्यालाच सांगतात. जाण्यापूर्वी काही विचारावयाचे असेल तर १०९७ हा क्रमांक विनाशुल्क आहे. दोघांनी मिळून जावे. बापांनी घरी थांबावे.